इकडील सर्व खुशाल

आपल्या शाळेच्या स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असे संपादक मंडळाचे पत्र हाती आले तेव्हा आम्हांला आनंदच झाला. या शाळेच्या वसतिगृहात आम्ही सहा वर्षे विद्यार्थी म्हणून राहिलो आणि पुढे इतिहासाचे शिक्षक म्हणून येथेच स्थिरावलो. अशा माणसाला शाळेविषयी चार पाने लिहिणे जड का जावे? 'पंधरा दिवसांत देतो,' असे आम्ही सांगून टाकले. त्या गोष्टीला आता पाच महिने होत आले. मंडळाची तीन स्मरणपत्रे येऊन गेली. तिसऱ्या पत्राची भाषा मवाळ होती; पण छपाईची तारीख ठळकपणे अधोरेखित केलेली होती.

या पाच महिन्यांत आम्ही काहीच लिहिले नाही, असे नाही. तीन वेळा लेख पूर्ण केला आणि तिन्ही वेळा फाडला. पहिल्या लेखात ज्ञानाचा अखंड तेवणारा दीप होता. दुसऱ्यात इवल्याशा रोपट्याचा बोधिवृक्ष झाला होता. तिसऱ्याचा आरंभ बाबासाहेबांच्या त्रिसूत्रीने झाला होता आणि शेवटही तिनेच. हा तिसरा लेख आम्ही एका तरुण सहकाऱ्याला वाचून दाखवला. तो आमचाच विद्यार्थी. त्याने शांतपणे ऐकून घेतले व म्हणाला, "सर, लेख चांगला आहे. पण हा कोणत्याही शाळेविषयी असू शकतो." त्यानंतर मात्र आम्हांला एक ओळही लिहिता येईना. संध्याकाळची वंदना आटोपून मुले अभ्यासिकेत गेली की आम्ही कागद पुढे घेऊन बसत असू. नऊला घंटा होई, मुले झोपायला जात, आणि आमचा कागद कोरा तो कोराच राही.

वस्तुतः लेखन अडते कसे, हे शिक्षकाला रोज दिसत असते. काही वर्षांपूर्वी मराठीचे शिक्षक रजेवर असताना नववीच्या वर्गावर आम्हांला जावे लागले. निबंधाचा विषय होता 'माझे घर'. आपल्या शाळेतील अनेक मुलांचे आईवडील वर्षातील पाच-सहा महिने ऊसतोडीला जातात आणि कारखान्याच्या परिसरात पाचटाच्या कोपीत राहतात. पण त्यांच्याही वह्यांत 'माझे घर टुमदार आहे, घरापुढे गुलाबाची बाग आहे' अशीच वाक्ये उमटत होती. मार्गदर्शक पुस्तिकेतील तो बंगला वर्गातील चाळीस मुलांनी आपसांत वाटून घेतला होता. एका मुलीने मात्र शीर्षकाखाली काहीही लिहिले नव्हते. आम्ही जरा चढ्या आवाजातच कारण विचारले. ती उभी राहिली आणि म्हणाली, "सर, खरं लिहायचं की निबंध लिहायचा?"

आमच्या अध्यापनाच्या सगळ्या वर्षांत इतका नेमका प्रश्न आम्हांला कोणी विचारलेला नाही. आम्ही म्हणालो, "खरं लिही." तिने विचारले, "मग ते वर्गात वाचून दाखवणार का?" आम्ही नकार दिला. "तुम्ही लाल पेनानं तपासणार का?" आम्ही पुन्हा नकार दिला. "ज्याला सांगावंसं वाटतं त्याला सांगितल्यासारखं लिही," एवढेच सुचवले. तिने धाकट्या भावाला उद्देशून चार पाने लिहिली. त्यांत काय होते ते येथे सांगणार नाही; तसा शब्द दिलेला आहे.

तेव्हापासून आमच्या वर्गात प्रत्येकाची एक 'न तपासायची वही' असते. तिचे नियम तीनच. वहीच्या पहिल्या पानावर, ती कोणासाठी लिहिली जात आहे त्याचे नाव घालायचे. आरंभ एखाद्या मोठ्या विचाराने न करता एका दिवसाने, एका जागेने किंवा एका वस्तूने करायचा. आणि लिहिताना अडलो तर खोडायचे नाही. जेथे अडलो तेथे एक रेघ मारून ठेवायची व दुसऱ्या दिवशी त्या रेघेपासून पुढे जायचे. अनुभव असा की, मूल अडते ते बहुधा शब्द नसल्यामुळे नव्हे. जे सांगायचे ते आणि जे सांगितलेले चालते ते, या दोहोंच्या मध्ये हात थांबतो. महात्मा फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग मुलीचा 'मांग महारांच्या दुःखाविषयी' हा निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'त दोन भागांत प्रसिद्ध झाला. तो आम्ही दरवर्षी वर्गात शिकवतो. खरे आणि निबंध या दोन गोष्टी वेगळ्या असतात, हे त्या मुलीला बहुधा कोणी शिकवलेच नव्हते.

मुलांना हे सारे सांगणारे आम्ही, स्वतःच्या कोऱ्या कागदापुढे मात्र हतबल होऊन बसलो होतो. आपण कोठे अडलो आहोत, ती रेघ नेमकी कोठे मारायची, हेच आम्हांला कळत नव्हते. ते कळले ते एका पेटीमुळे.

संपादक मंडळाला जुनी छायाचित्रे हवी होती. म्हणून आम्ही माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली. हीच पेटी घेऊन जून १९८१ मध्ये आम्ही परभणी जिल्ह्यातील आमच्या वाडीहून पाचवीत दाखल होण्यासाठी आलो होतो. वाडीची शाळा चौथीपर्यंतच होती. पेटीत छायाचित्र एकच निघाले, तेही वाळवीने अर्धे खाल्लेले. पण तळाशी सुतळीने बांधलेला पोस्टकार्डांचा एक गठ्ठा होता. वसतिगृहात असताना घरून आलेली ती पत्रे. मोजली तेव्हा त्रेपन्न भरली.

त्या काळच्या माजी विद्यार्थ्यांना रविवार आठवत असेल. सकाळची वंदना झाली की दर पंधरा दिवसांनी सभागृहात सतरंजीवर बसवून आम्हांला पोस्टकार्डे वाटली जात. गुरुजी फळ्यावर मायना लिहून देत. 'ती. आईस व बाबांस सप्रेम जय भीम. वि. वि. मी येथे खुशाल आहे. माझा अभ्यास चांगला चालू आहे. तुमची खुशाली कळवावी.' पुढच्या दोन-तीन ओळी ज्याच्या त्याने घालायच्या. मग सगळी कार्डे गोळा होत आणि गुरुजी ती शुद्धलेखनासाठी नजरेखालून घालीत. त्यांत वावगे काही नव्हते. आमच्यापैकी बहुतेकांच्या घराण्यात पत्र लिहिणारे आम्ही पहिलेच होतो. आम्हांला कोणीतरी शिकवणे भागच होते. परंतु उघडे कार्ड येथे गुरुजी वाचणार आणि तिकडे आणखी कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवणार, हे आम्ही पोरे पहिल्याच महिन्यात समजून चुकलो होतो. रात्री घराची आठवण येऊन रडू येते, ही ओळ मग कोणाच्याच कार्डावर येत नसे. वर्षाकाठी वीस कार्डे धरली तरी सहा वर्षांत आम्ही शंभरावर पत्रे लिहिली असतील. ती सगळी सारखीच असणार. घराच्या गळक्या छपराखाली त्यांतील एकही शिल्लक राहिले नाही, हे एका परीने बरेच झाले.

घरून येणारी कार्डेही तशीच. 'चि. बाळास आईचा आशीर्वाद. इकडील सर्व खुशाल आहे. पाऊसपाणी बरे आहे. काळजी करू नये. अभ्यास करावा.' त्रेपन्न कार्डांत हीच पाच वाक्ये. परंतु इतिहासाचा विद्यार्थी कागदावरील मजकुरावर एकदम विश्वास ठेवीत नाही. तो कागद पाहतो, शाई पाहतो, शिक्का पाहतो, अक्षर पाहतो. आम्ही ती कार्डे टपालाच्या शिक्क्यांच्या तारखांप्रमाणे जमिनीवर मांडली आणि चाळीस वर्षांत जे लक्षात आले नव्हते ते एका दृष्टिक्षेपात दिसले. पहिल्या सत्तावीस कार्डांवरील अक्षर एकाच हाताचे होते. किंचित उजवीकडे झुकलेले, टपोरे, चौथीतल्या मुलीचे असते तसे. १९८४ च्या उन्हाळ्यानंतर ते अक्षर एकदम नाहीसे होते, आणि त्या जागी एक सराईत, घाईचे, मोठ्या माणसाचे अक्षर येते. मजकूर मात्र तोच. इकडील सर्व खुशाल आहे.

ते पहिले अक्षर आमच्या अक्काचे होते. ती आमच्याहून चार वर्षांनी मोठी. वाडीच्या शाळेत चौथी उत्तीर्ण झाली आणि तेथेच तिचे शिक्षण थांबले. पुढे शिकायचे तर बाहेरगावी राहणे आले. त्या वेळी आपल्या शाळेत मुलींच्या राहण्याची सोय नव्हती. असती तरी दोघांना पाठवण्याची ऐपत घराला नव्हती. आई निरक्षर. म्हणून आईच्या नावाची पत्रे अक्का लिहीत असे आणि आमची आलेली पत्रे तीच आईबाबांना वाचून दाखवत असे. १९८४ च्या वैशाखात तिचे लग्न झाले. तेव्हा ती सतरा वर्षांची होती. त्या लग्नात आम्ही उन्हाळ्याच्या सुटीत नवे कपडे घालून मिरवलो होतो, पंगतीत दोनदा बुंदी मागून घेतली होती. जूनमध्ये शाळेत परतल्यावर घरून आलेल्या कार्डावरचे अक्षर बदलले आहे, हे आमच्या ध्यानातही आले नाही. तेव्हा आम्ही आठवीत होतो आणि आमचे अक्षर वर्गात पहिले येत होते.

कार्डे पुन्हा गोळा करताना आणखी एक गोष्ट दिसली. ऑगस्ट १९८२ च्या शिक्क्याच्या एका कार्डावर, पत्त्याच्या बाजूला अगदी कडेला, उभ्या ओळीत, मुंगीएवढ्या अक्षरांत काही लिहिलेले होते. चष्मा काढून कार्ड डोळ्यांजवळ नेल्यावर ते लागले : 'पाचवीची पुस्तके टाकली नसशील तर दिवाळीला आण. अक्का.'

आम्ही तेव्हा सहावीत गेलो होतो. पाचवीची पुस्तके आमच्याकडे नव्हती; वर्ष संपताच ती पुस्तकपेढीत जमा करण्याचा वसतिगृहाचा नियम होता व तो योग्यच होता. पण आम्ही ती ओळ तेव्हा वाचली होती का? अक्काला काही उत्तर दिले होते का? दिवाळीला रिकाम्या हाताने गेलो तेव्हा तिने काही विचारले होते का? यांतील काहीही आठवत नाही. त्रेपन्न कार्डांत ज्या एका ओळीत कोणीतरी खरोखर काही मागितले होते, ती ओळ आमच्या स्मरणातून साफ पुसली गेलेली होती.

आमचे तीनही लेख कोठे अडत होते, ते त्या रात्री उमगले. शाळेचे ऋण लिहायला बसलो की चौथ्या-पाचव्या परिच्छेदात 'आमच्या घरातून शिकायला बाहेर पडलेले आम्ही पहिलेच' हे वाक्य येई आणि तेथून पुढे लेख कोरडा पडे. त्या वाक्यापाशी कोणीतरी उभे होते. तिला ओलांडून आम्ही दीप, बोधिवृक्ष आणि त्रिसूत्रीकडे जात होतो. लेखणी चालत होती, पण लेख होत नव्हता. रोज सकाळी पंचशील घेताना 'मुसावादा वेरमणी' म्हणणारे आम्ही, खुशालीचे कार्ड लिहिण्याची लहानपणीची सवय आयुष्यभर बाळगून होतो. सत्कार समारंभातील मानपत्रे, निरोपाची भाषणे, शाळेचे वार्षिक अहवाल, या सर्वांसाठी आमची लेखणी नावाजली गेली. आज वाटते, ती सारी मोठ्या आकाराची पोस्टकार्डेच होती. खुशालीचे ते खोटे करुणेपोटी जन्मलेले असते. आईला वाटे, पोराने काळजी करू नये. पोराला वाटे, आईने करू नये. म्हणूनच ते ओळखायला इतकी वर्षे लागतात.

या प्रसंगी बाबासाहेबांची एक आठवण पुन्हा वाचली. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या टिपणांत त्यांनी १९०१ मधील एक प्रवास सांगितला आहे. वडील गोरेगावला रोखपाल होते. साताऱ्याहून मुलांनी आपण येत असल्याचे पत्र त्यांना पाठवले. पत्र पोचले, पण नोकराने ते वडिलांना दिलेच नाही. मसूर स्टेशनावर घ्यायला कोणी आले नाही. जात कळल्यावर गाडीवाले तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडे देऊन, गाडी स्वतः हाकीत ही मुले निघाली. जवळ खायला होते, पण रात्रभर प्यायला पाणी मिळाले नाही. सर्वसाधारण वर्णन करण्यापेक्षा घडलेले प्रसंग सांगणे अधिक परिणामकारक, असा विचार त्यांनी आरंभीच मांडला आहे. ज्यांच्या लेखणीतून एवढे ग्रंथ उतरले, त्यांनी हा प्रसंग लिहिला तो घडून तीन दशके उलटल्यावर, आणि ती टिपणे पीपल्स एज्युकेशन सोसायटीने प्रसिद्ध केली १९९० मध्ये. त्यांत विशेषणे फारशी नाहीत. स्टेशनाचे नाव आहे, भाडे आहे, पाणी आहे. फलटणच्या बेबीताई कांबळे यांनीही 'जिणं आमुचं' लिहिताना आपल्या वह्या कित्येक वर्षे घरच्यांच्या नजरेआड ठेवल्या होत्या. पुस्तक आले ते १९८६ मध्ये. त्याच बेबीताईंनी पुढे निंबुरे येथे वंचित मुलांसाठी आश्रमशाळा चालवली, ही गोष्ट आपल्यासारख्या निवासी शाळेतील माणसांना अधिक जवळची वाटावी. लेखन थांबलेले असते तेव्हा ते संपलेले असतेच असे नाही. पुष्कळदा ते वाचणाऱ्याची वाट पाहत असते.

दुसऱ्या दिवशी आम्ही अक्काला फोन केला. आता ती नातवंडांत रमलेली असते. डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्याने वाचन जवळपास थांबले आहे. कार्डावरच्या त्या ओळीविषयी सांगितले, तेव्हा ती आधी हसलीच.

"अजून ठिवलंस का तू ते?"

"इतक्या बारीक का लिहिलं होतंस?"

"गुरुजींनी वाचू नये म्हणून. म्हणले, आईच्या पत्रात ही मधीच कोन लिहिती म्हणतील."

"मी पुस्तकं आणली नाहीत ना?"

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "नाही आणलीस. पन पुढच्या उन्हाळ्यात तुझी सहावीची वही आणलीस ना, भूगोलाची. नकाशे होते तिच्यात. ती मी सासरी नेली होती."

ती वही आम्हांला आठवत नव्हती. आजही आठवत नाही. आम्ही तिला विचारले, "हे सगळं शाळेच्या स्मरणिकेत लिहू का?" तिने विचारले, "शाळेला वाईट वाटंल का?" आम्ही म्हणालो, "माहीत नाही." ती म्हणाली, "मग लिही. माझं नाव नको टाकूस. अन् छापायच्या आधी मला वाचून दाखव."

अक्काने काढलेली शंका आमच्याही मनात होती. शाळेच्या गौरवाच्या ग्रंथात हा हिशेब मांडणे कृतघ्नपणाचे तर ठरणार नाही ना? पुष्कळ विचारान्ती आम्हांला वाटते, ठरणार नाही. कृतज्ञता म्हणजे जमेची बाजू तेवढी वाचणे नव्हे. या शाळेने आमच्यासारख्या शेकडो मुलांना हात धरून उंबऱ्याबाहेर काढले, आणि त्या प्रत्येकाच्या मागे घरात एखादी बहीण, एखादा भाऊ राहिला. पुढे येथे मुलींचे वसतिगृह उभे राहिले. पहिल्या वर्षी मुलींच्या पत्र्याच्या पेट्या व्हरांड्यात ओळीने लागल्या, तेव्हा आम्ही त्यांची नोंद घेणाऱ्यांत होतो. त्या दिवशी आम्ही आनंदाने एक अहवाल लिहिला होता. त्यात अक्काचा उल्लेख नव्हता. तो आज येथे करीत आहोत.

माजी विद्यार्थ्यांना आमची एक विनंती आहे. आपापल्या पेट्या, फडताळे, जुन्या वह्यांचे गठ्ठे एकदा उघडून पाहावेत. घरून आलेले एखादे कार्ड सापडले तर त्याची छायाप्रत शाळेच्या ग्रंथालयाकडे द्यावी. मजकूर सगळीकडे सारखाच असेल. तरीही ते कोणी लिहिले, कोणी वाचून दाखवले आणि ते अक्षर पुढे का थांबले, एवढे सोबत लिहून द्यावे. लिहिता येत नाही, असे वाटले तर आमचा अनुभव लक्षात घ्यावा : स्मरणिकेसाठी लिहू नये, ज्या माणसाचे काही देणे राहिले आहे त्याच्यासाठी लिहावे. पालकांनाही सांगणे आहे. मुलाच्या फोनवर 'सगळं बरं आहे ना?' असे विचारण्याऐवजी, 'आज जेवणात काय होतं, शेजारी कोण बसलं होतं?' असे विचारून पाहावे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर आम्ही मुलांना पिढ्यान्‌पिढ्या पाठ करून घेतले आहे.

हा लेख पूर्ण झाल्यावर, कबूल केल्याप्रमाणे, आम्ही अक्काच्या गावी जाऊन तो तिला वाचून दाखवला. मूळ लेखात, १९८४ नंतरची कार्डे वाडीतल्या दुकानदाराच्या अक्षरात आहेत, असे आम्ही लिहिले होते. त्या वाक्यापाशी तिने हात वर करून आम्हांला थांबवले. "दुकानदार कुठला? त्याला कुठं लिहिता येत होतं एवढं! ते अक्षर पोस्टमनचं हाय. आईनं सांगायचं अन् त्यानं दारात उभ्या उभ्या लिहायचं." म्हणून ते अक्षर तसे घाईचे. आम्ही दुरुस्ती करून घेतली आहे. बाकी लेख तिने शेवटपर्यंत ऐकला आणि म्हणाली, "बरं लिहिलंस." मग नातीला हाक मारून सांगितले, "माझी पेटी काढ गं. नकाशाची वही असंल त्याच्यात, बघू."

वही मिळाली नाही. नात अजून शोधते आहे.

जय भीम. नमो बुद्धाय.